ऑफशोअर सपोर्ट व्हेसलवरची पहिली नोकरी: मराठवाड्यातून निघताना कोणती पायरी आधी, कोणती नंतर

लातूर, बीड, नांदेड, परभणीकडून जहाजाच्या लाइनीत यायला निघालेली बरीचशी मुलं एकाच पद्धतीनं अडकतात. आधी एजंटाला पैसे, मग कोर्स, मग कागदपत्रांची जुळवाजुळव आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची तपासणी. हा क्रम नेमका उलटा हवा. डोळे तपासायला एक दुपार पुरते. भरलेले पैसे परत मागण्यात वर्षं जातात.

खालच्या पायऱ्या दहावी, बारावी किंवा आयटीआय करून खलाशी म्हणजे रेटिंग म्हणून डेकवर किंवा इंजिनरूममध्ये जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहेत. अधिकारी व्हायचं असेल तर अभ्यासक्रम वेगळा आणि परीक्षाही वेगळ्या.

## सुरुवातीला एवढं विचारा: जहाज कुठल्या प्रकारचं?

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला मुंबई हाय आहे. तिथल्या आणि आजूबाजूच्या तेलक्षेत्रांतल्या प्लॅटफॉर्मना आणि रिगना सामान, पाणी, इंधन, माणसं पुरवणारी जी जहाजं, ती सपोर्ट व्हेसल. एजंट सगळ्यांनाच ‘ऑफशोअरचं जहाज’ म्हणतो, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

- पीएसव्ही: प्लॅटफॉर्मला माल पुरवणारं जहाज. मागे लांब मोकळा डेक, खाली सिमेंट, बराइट, ड्रिलिंगचा चिखल, पाणी आणि डिझेलच्या टाक्या.
- एएचटीएस: रिग ओढणं आणि रिगचे नांगर उचलणं-टाकणं. जाड तारा, मोठा विंच. डेकवरचं सगळ्यात धोक्याचं काम इथं.
- क्रू बोट: माणसांची आणि हलक्या सामानाची ने-आण. जहाज छोटं, हेलकावे जास्त.
- एमएसव्ही, डीएसव्ही: दुरुस्ती, अग्निशमन, पाणबुड्यांचं काम. अनुभवी माणसांना पसंती.
- अकोमोडेशन बार्ज: वेल्डर, फिटर, रिगर अशा कंत्राटी कामगारांना राहायला. इथली नोकरी बहुधा खलाशाची नसतेच.

शेवटच्या प्रकाराकडे नीट बघा. वेल्डर किंवा हेल्पर म्हणून बार्जवर जाणं ही वाईट नोकरी नाही, पण तिथले महिने खलाशाची समुद्रसेवा, म्हणजे जहाजावर काम केल्याचा नोंदलेला काळ, म्हणून मोजले जातील असं कुणी सांगत असेल तर ते लेखी मागा. ‘जहाजाची नोकरी’ म्हणून बार्जवर पाठवलेल्या मुलाला दोन वर्षांनी कळतं की त्याच्या नावावर समुद्रसेवेचा एकही दिवस नाही.

## पायरी १: डोळे आणि कान, पैसे भरण्याआधी

१. जवळच्या जिल्हा रुग्णालयात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागात जाऊन रंगांधळेपणाची तपासणी करा. रंगीत ठिपक्यांतून आकडे ओळखायची इशिहारा चाचणी मागा. जहाजाचे दिवे लाल-हिरवे असतात, इंजिनरूममधल्या पाइपांना आणि तारांना रंगांच्या खुणा असतात. म्हणून यात सूट मिळत नाही.

२. चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह, प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी लिहून घ्या. चष्मा आहे म्हणजे बाद, असं सरसकट नाही. डेक, इंजिन आणि केटरिंग यांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत.

३. कानातून पाणी येत असेल, पडद्याला भोक असेल, फिट्स किंवा दम्याचा त्रास असेल तर आत्ताच सांगा. समुद्रात मध्यरात्री फिट आली तर हेलिकॉप्टर उतरेपर्यंत जवळ असतो फक्त प्रथमोपचार.

थांबा: ही तपासणी फक्त तुमच्या खात्रीसाठी. कोर्सला आणि जहाजावर चालतं ते नौवहन महासंचालनालयानं, म्हणजे डीजी शिपिंगनं, मान्यता दिलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र. ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. वय १८ च्या आत असेल तर एकच वर्ष. ‘घरबसल्या मेडिकल करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेला कागद जहाजावर चढताना उघडा पडतो.

## पायरी २: सगळ्या कागदांवर एकच माणूस दिसला पाहिजे

मराठवाड्यातल्या मुलांचे अर्ज सगळ्यात जास्त इथं अडकतात. कारण साधं आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. आधारवर कधी वडिलांचं नाव गायब, कधी ‘राव’ जोडलेला. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, कारण पहिलीत घालताना गुरुजींनी ती तशी टाकली. जन्मनोंदीत मात्र दिवाळीच्या आसपासची.

क्रम असा ठेवा:

१. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र हा पाया धरा. नाव, इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख इथं जशी आहे तशीच पुढं सगळीकडे.

२. त्यातच चूक असेल तर आधी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्ती. बीड, परभणी, जालना, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांसाठी संभाजीनगरचं मंडळ. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूरचं. याला वेळ लागतो. दुरुस्ती चालू असताना पासपोर्ट काढू नका, नाहीतर तोही दुरुस्त करत बसाल.

३. मग आधार, मग पॅन, मग बँक खातं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आणि तुमचाच हवा.

४. शेवटी पासपोर्ट. ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं, ‘आडनाव’ रकान्यात आडनाव. दहावी पास असल्याचा पुरावा जोडा. त्यामुळं एमिग्रेशन तपासणीची अट पासपोर्टावर पडत नाही. पोलीस पडताळणीला गावी घरी राहा. ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला गेलेला असताना हवालदार येऊन परत गेला की अर्ज लोंबकळतो.

जिल्ह्याचं नाव जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्यावर बदललेलं असेल तर घाबरू नका. नामांतर २०२३ मध्ये झालं आहे. जन्मस्थळ मात्र पासपोर्टावर जे छापलं आहे तेच पुढच्या प्रत्येक अर्जात अक्षरशः लिहा.

तपासा: गुणपत्रिका, आधार, पॅन, पासपोर्ट टेबलावर शेजारी ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणाला प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचायला लावा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, एक ‘ए’ आणि दोन ‘ए’, इथंच घोळ सापडतो.

## पायरी ३: गुण मोजा, मग संस्था निवडा

डेक आणि इंजिन दोन्हीकडे घेणारा प्राथमिक कोर्स म्हणजे जीपी रेटिंग, सहा महिन्यांचा, निवासी. वय साडेसतरा ते पंचवीस. दहावीत विज्ञान-गणित, एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला किमान ४० टक्के.

इथं एक सापळा आहे. दहावीला पास व्हायला ३५ गुण पुरतात. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीत ३६ असतील तर तो दहावी पास आहे, पण या कोर्सला पात्र नाही. बारावीच्या इंग्रजीत ४० असतील तर मार्ग मोकळा. दुसरी गोष्ट, गुणपत्रिकेवरची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची असते, सगळ्या विषयांची बेरीज करून स्वतः काढलेली टक्केवारीही लिहून ठेवा आणि प्रवेशाआधी दोन्ही दाखवून विचारा.

संस्था निवडताना:

१. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. नुसतं संस्थेचं नाव पुरत नाही. *त्याच कोर्सला* मान्यता आहे का ते बघा. मूलभूत सुरक्षा कोर्सची मान्यता दाखवून ‘जहाजी डिप्लोमा’ विकणारी दुकानं कमी नाहीत.

२. फी लाखांत जाते, म्हणून पावती संस्थेच्या नावाची, रक्कम संस्थेच्या खात्यात. मधल्या माणसाला रोख दिलेली फी कागदावर भरलेलीच नसते.

३. इंडोस क्रमांक हा भारतीय नाविकांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला तुमचा कायमचा क्रमांक. कोर्सला नाव नोंदवतानाच तो लागतो. एका माणसाला आयुष्यात एकच. अर्ज स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवरून भरा. एजंटाच्या नंबरवर काढलेला इंडोस म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याकडे. पुढं प्रत्येक ओटीपीसाठी तो पैसे मागतो.

४. मूलभूत सुरक्षा कोर्स चार: समुद्रात जीव वाचवणं (पीएसटी), आग विझवणं (एफपीएफएफ), प्रथमोपचार (ईएफए), वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदारी (पीएसएसआर). सोबत सुरक्षा कर्तव्यांचा एसटीएसडीएसडी. पहिल्या दोन्हींची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते. तारखा आत्ताच वहीत मांडा.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी पीएसटीला गाफील राहू नये. विहिरीत मुटका मारून आपण पाणी उडवतो. इथं उंचावरून लाइफजॅकेट घालून सरळ उभं, पाय जुळवून, एका हातानं नाक-तोंड झाकून आणि दुसऱ्यानं जॅकेट घट्ट धरून उडी घ्यायची. जॅकेट धरलं नाही तर पाण्याच्या धक्क्यानं ते वर उसळून हनुवटीला बसतं. उलटा झालेला लाइफराफ्ट सरळ करायला वाऱ्याची दिशा बघावी लागते. पोहणं येत नसेल तर कोर्सच्या आधी महिनाभर तरी तलाव गाठा.

थांबा: ‘पाच छोटे कोर्स करा, सीडीसी काढा, महिन्यात जहाजावर’ ही जाहिरात दिसली की पुढं सरका. सीडीसी मिळेलही. सीडीसी म्हणजे ओळख आणि सेवेची नोंदवही, कामाची पात्रता नव्हे. जीपी रेटिंगसारखं प्रशिक्षण नसलेल्या सीडीसीधारकांच्या रांगा मुंबईत फार लांब आहेत.

## पायरी ४: सीडीसी

कोर्स आणि त्याची शेवटची परीक्षा झाली की सीडीसीचा ऑनलाइन अर्ज. ती दहा वर्षं चालते. पासपोर्ट, इंडोस, दहावी, कोर्सची प्रमाणपत्रं, फोटो आणि सही एवढंच लागतं, आणि पायरी २ नीट झाली असेल तर इथं अडण्यासारखं काही उरत नाही. सही मात्र पासपोर्टासारखीच करा. मराठीत असेल तर मराठीतच.

## पायरी ५: एजंट, जहाज आणि करार. इथं घाई केली तर सगळं पाण्यात

नाविकांची भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकानं नोकरीसाठी नाविकाकडून पैसे घ्यायचे नसतात. सागरी कामगार करारानुसार नाविकानं सोसायचा खर्च फक्त वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्टाचा. ‘प्रोसेसिंग’, ‘जॉइनिंग’, ‘सीट बुकिंग’, ‘कंपनीच्या साहेबांचे’ या नावानं मागितलेला प्रत्येक रुपया बेकायदा आहे. एकर विकून लाखो रुपये मोजणाऱ्या बापाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं या धंद्यात दरवर्षी म्हणावं लागतं.

एजंटाची तपासणी

१. परवान्याचा क्रमांक मागा. डीजी शिपिंगच्या यादीत तो क्रमांक, नाव आणि पत्ता तिन्ही जुळतात का, परवाना चालू आहे की निलंबित, ते बघा.

२. फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर. व्हिजिटिंग कार्डावरच्या नव्हे. खऱ्या कंपनीचं नाव आणि खोटा नंबर ही सगळ्यात सोपी फसवणूक.

३. ‘आमचा सबएजंट नांदेडला आहे’ म्हटलं की मूळ कार्यालयाला विचारून खात्री करा. तालुक्याच्या ठिकाणी हॉटेलात मुलाखती घेणाऱ्याला परवाना कुठला, ते पहिल्याच मिनिटाला विचारा.

जहाजाची तपासणी

जहाजाचं नाव बदलतं, आयएमओ क्रमांक म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक बदलत नाही. तो सात आकडी. खोटा क्रमांक कागद-पेन्सिलीनं पकडता येतो: पहिल्या सहा आकड्यांना ओळीनं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा, बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा यायला हवा. उदाहरणार्थ ९०७४७२९ घ्या. ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९. शेवटी ९, म्हणजे क्रमांकाची रचना बरोबर. हिशेब जुळला म्हणजे जहाज चांगलं असं नव्हे, पण जुळला नाही तर तिथंच उठा. जुळला तर इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर जहाजाचा प्रकार, झेंडा आणि मालक बघा. ‘नवं पीएसव्ही’ म्हणून सांगितलेलं जहाज चाळीस वर्षांचं मालवाहू निघाल्याची उदाहरणं आहेत. अगदी छोट्या बोटींना हा क्रमांक नसतो, तेव्हा नोंदणीचा कागद मागा.

करारात शोधायच्या गोष्टी

- तुमचं पद: ट्रेनी, ओएस (डेकवरचा सर्वात खालचा खलाशी), वायपर (इंजिनरूममधला)? ‘क्रू’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही नको.
- पगार किती, कुठल्या चलनात आणि दरमहा कुठल्या खात्यात.
- मुदत किती महिन्यांची आणि परतीचा खर्च मालकाचा असल्याचं कलम.
- विश्रांती: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास, ७ दिवसांत किमान ७७ तास. ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक सहा तासांपेक्षा कमी नको.
- मृत्यू आणि अपघाताची भरपाई, आणि वारसाचं नाव बरोबर लिहिलेलं.

थांबा: परदेशातल्या जहाजावर पर्यटक व्हिसावर जायला सांगितलं तर जाऊ नका. सही केलेली कराराची प्रत हातात आल्याशिवाय, तिचा फोटो घरी पाठवल्याशिवाय गाडीत बसू नका.

हंगामाचंही भान ठेवा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, बांधकामाची जहाजं आणि बार्ज त्या काळात काम थांबवतात. प्लॅटफॉर्मला माल पुरवणारी जहाजं बाराही महिने चालतात. प्रकल्पांची भरती पावसाळा सरताना जोर धरते, तेव्हा पोळ्यापर्यंत कागद पूर्ण असतील तर दसऱ्याच्या सुमारास फोन येण्याची आशा धरता येते.

## पायरी ६: निघताना

मूळ कागद एका जलरोधक पाकिटात, अंगावरच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत कधीच नाही. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स वेगळ्या ठेवा. देवगिरी किंवा तपोवननं मुंबई गाठायची असेल तर हजर व्हायच्या तारखेच्या आदल्या दिवशी पोचेल अशी निघा. क्रू बदलाची बोट कुणासाठी थांबत नाही. उरणजवळच्या न्हावा तळावरून बोटीनं किंवा जुहूहून हेलिकॉप्टरनं जाणं होतं. हेलिकॉप्टरनं पाठवणार असतील तर पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण लागतं. ते कंपनी करून घेणार की तुम्ही, हे करारावेळीच विचारा. ओपिटो या संस्थेच्या मान्यतेचा बोसिएट हा ऑफशोअर सुरक्षा कोर्स केलेला असेल तर ते चार वर्षं चालतं.

माचिस, लायटर, गुटखा, दारू काहीही नेऊ नका. घरची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरेल एवढी खुशाल न्या, पहिल्या मळमळीत कोरडंच पोटात राहतं. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, बोट सुटण्याआधी. ती झोप आणते, म्हणून डेकवर कामाला जाण्याआधी नको.

## पायरी ७: जहाजावरचे पहिले चोवीस तास

१. चढल्या चढल्या मस्टर लिस्ट शोधा. तुमचं नाव, जमायची जागा, कुठली लाइफबोट किंवा राफ्ट, आगीच्या वेळी काम काय.

२. केबिनमधलं लाइफजॅकेट काढून घाला. एका मिनिटात नीट बांधता आलं पाहिजे. शिट्टी आणि दिवा आहे का बघा.

३. केबिनपासून उघड्या डेकपर्यंतचे दोन रस्ते, एकदा डोळे मिटून भिंतीला हात लावत. धुरात असंच जावं लागतं.

४. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे सर्वसाधारण धोक्याचा इशारा. अर्धवट झोपेतही ओळखता आला पाहिजे.

सुरक्षेची ओळख करून दिल्याच्या कागदावर सही करायला दिली आणि प्रत्यक्ष काहीच दाखवलं नसेल तर ‘एकदा दाखवता का’ म्हणा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडालं, ७० हून जास्त माणसं गेली. म्हणून राफ्ट कुठं आहे आणि जॅकेट कसं बांधायचं, हे तुमच्या हाताला पाठ असू द्या.

## पायरी ८: प्लॅटफॉर्मजवळ डेकवरचं काम

नव्या ओएसचे हात आणि पाय इथंच जातात, म्हणून सावकाश वाचा.

५०० मीटरच्या आत जाण्याआधी. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, तपासणी यादी पूर्ण होते, परवानगी मिळते, जहाज काही काळ जागेवर धरून बघितलं जातं. शक्य तिथं प्लॅटफॉर्मच्या अशा बाजूला थांबतात की इंजिन बंद पडलं तर वारा-प्रवाह जहाजाला दूर नेईल. या वेळात तुमचं काम: हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, हातमोजे, सेफ्टी बूट, वर्क व्हेस्ट, रेडिओची चाचणी. साखळदंड अजून सोडायचे नाहीत.

माल उचलताना

१. चीफ ऑफिसर सांगेल त्याच कंटेनरची बांधणी सोडा. सगळी एकदम सोडून ठेवली की एका लाटेत दहा टनांचा डबा डेकभर फिरतो.

२. डब्याच्या टपावर आणि फोर्कलिफ्टच्या खाचांत नजर टाका. विसरलेला पाना, दगड, बर्फासारखा साचलेला सिमेंटचा ढेकूळ चाळीस मीटरवरून पडला तर हेल्मेट पुरत नाही.

३. स्लिंगला (उचलायच्या दोराला किंवा साखळीला) पीळ नाही, शॅकलला (जोडकडीला) नट आणि स्प्लिट पिन दोन्ही आहेत, हे बघा.

४. क्रेनचा हूक छातीच्या उंचीला येईपर्यंत त्याला हात लावू नका. पळत जाऊन पकडायचा नाही. अडकवा, मागं वळा, सुरक्षित जागी पोचा, मग इशारा. नवीन मुलं इशारा आधी देतात आणि चालायला नंतर लागतात.

५. दोन डब्यांच्या मध्ये किंवा डबा आणि कठड्याच्या मध्ये कधीही उभं राहू नका. निसटायला वाट आहे का, हे पाऊल टाकण्याआधी बघा.

६. टॅग लाइन, म्हणजे लटकता माल वळवायची दोरी, हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नका. बैलाचा कासरा हाताला गुंडाळून फरपटत गेलेला माणूस गावात बघितला असेल. क्रेन बैलापेक्षा जड ओढते.

डेकवर एकट्यानं काम नाही, किमान दोघं. बंदरातले जुने रिगर उचलायला ‘हबेस’ आणि सोडायला ‘आरिया’ म्हणतात, ते कानावर पडेल. पण रेडिओवर ठरलेला शब्दच वापरा. ऐकू आलं नाही तर ‘हो’ म्हणू नका, परत विचारा.

होज जोडताना. पिण्याचं पाणी, ड्रिलिंगचं पाणी, डिझेल, चिखल, सिमेंट, बराइट, प्रत्येकाची नळी आणि तोंड वेगळं. तीन वेळा खात्री: नळीवरची खूण, जहाजाच्या तोंडावरचं नाव, रेडिओवर प्लॅटफॉर्मचं उत्तर. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत डिझेल गेलं तर आख्ख्या प्लॅटफॉर्मचं पाणी बंद. कोरडा माल दाबाच्या हवेनं जातो, टाक्यांचा कमाल दाब साधारण ५.६ बार, नेमका आकडा टाकीच्या पाटीवर वाचा. समोरची टाकी हवा सोडायला उघडी आहे हे कळल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. काम संपल्यावर नळी फुंकून मोकळी करा, दाबमापी शून्यावर येऊ द्या, मगच जोड सोडा. अर्ध्या बारलाही सिमेंटची भुकटी डोळ्यांत जाते. सुटलेली नळी लोंबकळत मागं जाऊ देऊ नका, खाली जहाजाचे पंखे फिरत असतात.

एएचटीएसवर एकच नियम आधी पाठ करा: तार ताणलेली असताना मागचा डेक रिकामा. तुटलेली किंवा बाजूला उसळलेली तार दिसत नाही, तिचा आवाज ऐकू येतो तेव्हा ती येऊन गेलेली असते.

तपासा: काम चुकीचं वाटलं तर ‘स्टॉप’ म्हणायचा अधिकार ट्रेनीलाही आहे. वापरा.

## पायरी ९: बंद टाकीत परवानगीशिवाय पाय नाही

गावाकडं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, उघडलं की म्हातारी माणसं लगेच आत उतरू देत नसत. आधी कंदील सोडत, विझला की थांबत. गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरलेला एक गुदमरला आणि त्याला काढायला गेलेले दोघंही गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. जहाजाच्या टाकीतही हेच घडतं. नांगराच्या साखळीच्या कोठीत लोखंड गंजताना प्राणवायू संपतो, चिखलाच्या टाकीत विषारी वायू साचतो.

इथं कंदील चालत नाही, स्फोट होईल. गॅस मीटरनं वर, मधे आणि तळाशी मोजणी, प्राणवायू २०.९ टक्क्यांच्या आसपास, लेखी परवाना, तोंडाशी पहारा देणारा माणूस आणि रेडिओ. आत कुणी कोसळला तर उतरू नका; अलार्म द्या. श्वसनयंत्र घातलेलं पथकच आत जातं.

## पायरी १०: उतरताना

घरी जायच्या घाईत इथली चूक वर्षभर नडते.

१. सीडीसीतली नोंद कप्तानाच्या केबिनबाहेरच उभं राहून वाचा: जहाजाचं नाव, क्रमांक, टनेज, तुमचं पद, चढल्या-उतरल्याच्या तारखा, सही, शिक्का. पद ‘ट्रेनी ओएस’ आणि करारात ‘ओएस’ असेल तर लगेच विचारा.

२. प्रशिक्षणाच्या नोंदवहीत केलेल्या कामांपुढं अधिकाऱ्याच्या सह्या. पहाऱ्याच्या प्रमाणपत्रासाठी एसटीसीडब्ल्यू या नाविकांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमानं सहा महिने समुद्रसेवा लागते, किंवा मान्य विशेष प्रशिक्षणासह किमान दोन महिने. सह्या महिन्याच्या महिन्याला घ्या. शेवटच्या दिवशी चीफ ऑफिसर बदललेला असतो आणि नवा माणूस जुन्या कामावर सही करत नाही.

३. पगाराचा शेवटचा हिशेब, कपातींसह, लेखी.

४. कंपनीच्या लेटरहेडवर समुद्रसेवेचं पत्र, जहाजाच्या प्रकारासह.

५. घरी पोचल्यावर आठवडाभरात डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतःच्या इंडोसखाली तुमची समुद्रसेवा चढली आहे का बघा. नसेल तर आरपीएसएल कंपनीला सीडीसीच्या पानाचा फोटो जोडून ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत तो ईमेल जपा.